डावणीच्या दिवसांत

सेवाग्राम एक्सप्रेसमध्ये रात्री वर्ध्याला बसलं की सकाळी नाशिकरोडला उतरता येतं. गांधीजींच्या आश्रमाचं नाव घेतलेली गाडी माणसाला थेट वाइनच्या मुलखात नेऊन सोडते, यात रेल्वेचा काही दोष नाही. दोष असलाच तर या अंकाच्या संपादकांचा. ‘घरचा धंदा’ हा यंदाचा विषय ठरला आणि जानेवारीत त्यांचा फोन आला : एखाद्या कुटुंबाने चालवलेली, सेंद्रिय द्राक्षांची वाइनरी बघून या. मी म्हटलं, अहो, मी पिपरी मेघेचा. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. ते म्हणाले, “म्हणूनच तुम्ही.”

पिपरी मेघे वर्धा शहराला चिकटून आहे. कागदावर गाव, राहायला शहराचीच एक बाजू. सावंगी, बोरगाव, सिंदी अशी शेपटीला ‘मेघे’ लावलेली आणखीही गावं इथे आहेत. जिल्ह्यात 1970च्या दशकापासून दारूबंदी आहे. त्यामुळे दारू मिळत नाही असं नाही, दुकान नाही एवढंच. वर्तमानपत्राची वर्ध्याची आवृत्ती उघडली की आतल्या पानावर ‘मोहाचा सडवा नष्ट’ ही बातमी ठरलेली. झुडपांतल्या ड्रमचा फोटो आणि शेजारी हाताची घडी घालून उभे असलेले पोलीस. आंबवणं या विद्येशी माझी ओळख एवढीच. शेजारचे गुरुजी बॅग बघून म्हणाले, “वाइन पाहाले चालले म्हनता? मंग पाहूनच येजा.”

मी पाहूनच आलो. दोनदा. एकदा फेब्रुवारीत, तोडणी चालू असताना; आणि एकदा ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असताना. पहिली खेप सगळेच करतात. लिहिण्यासारखं जास्त सापडलं ते दुसऱ्या खेपेत.

पहाटे पाचचं डोकं

दिंडोरी तालुक्यातलं ते घर तीन पिढ्यांचं आहे. त्यांचं नाव मी देत नाही. मद्याच्या जाहिरातीला बंदी आहे, आणि हा लेख जाहिरात वाटू नये अशी त्यांचीही इच्छा आणि माझीही. घरात आजी आहेत, त्यांचा मुलगा म्हणजे तात्या, आणि तात्यांचे दोन मुलगे. थोरला बाग बघतो, धाकटा वाइनरी. थोरल्याची बायको हिशेब, परवाने आणि सेंद्रिय प्रमाणपत्राची फाइल सांभाळते. या घरात सर्वांत जाड वस्तू तीच फाइल. बाग दहा-बारा एकरांची, सगळी वाइनच्या द्राक्षांची : शेनिन ब्लांक, सोविन्यों ब्लांक आणि शिराझ.

पहाटे पाचला बागेत पोचलो तेव्हा ओळींमधून नुसते दिवे हलत होते. डोक्याला बॅटऱ्या बांधलेली माणसं घड कापून क्रेटमध्ये ठेवत होती. टोळी पेठ-सुरगाण्याकडची, मुकादमाने आणलेली. नाशिक-दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा उभ्या आहेत त्या याच दोन तालुक्यांच्या हातांवर. क्रेटमध्ये वीसेक किलोच भरायचे. जास्त भरले तर खालचे मणी फुटतात, रस सुटतो आणि आंबण्याचं काम नको तिथे, क्रेटमध्येच, सुरू होतं. तोडणी रात्री उरकायची तीही यासाठीच. ऊन चढलं की मणी तापतो, वास उडतो, आणि तापलेला माल थंड करायला वाइनरीत वीज जाळावी लागते.

मला एकदम नीरा आठवली. सेगावच्या, म्हणजे आताच्या सेवाग्रामच्या, आसपासच्या शिंदीच्या झाडांपासून नीरा आणि गूळ करण्याचं काम गांधीजींनी आपले सहकारी गजानन नाईक यांच्याकडे सोपवलं होतं. नीरा उतरवायची तीही उजाडायच्या आत. ऊन लागलं की तिची ताडी होते. सिंदी मेघेच्या नावातही बहुधा तेच झाड असावं. इथली घाई तीच, फक्त उलट्या दिशेची : तिथे रस आंबू नये म्हणून, इथे तो सांगू तेव्हाच आंबावा म्हणून.

सात वाजता पहिला ट्रॅक्टर वाइनरीपुढे लागला. वाइनरी म्हणजे बागेच्या टोकाची एक पत्र्याची उंच शेड. आत स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, त्यांच्या कमरेभोवती थंड पाणी फिरवणारं वेष्टण. धाकट्याने मणी चिरडून रसाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकला आणि उजेडाकडे धरला. “तेवीस,” तो म्हणाला. म्हणजे शंभर ग्रॅम रसात तेवीस ग्रॅम साखर. लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखर आंबली की एक टक्का मद्यार्क तयार होतो. तेवीसची शेवटी तेरा टक्क्यांच्या आसपास वाइन होते. पांढऱ्या द्राक्षांचा रस लगेच दाबून काढतात आणि थंड टाकीत, चौदा-पंधरा अंशांना, दोन-तीन आठवडे सावकाश आंबवतात. काळ्यांचं निराळं. रंग सालीत असतो, म्हणून साल आणि रस एकत्रच आंबवायचे. आंबताना वायू सुटतो आणि साली वर ढकलून त्यांचा जाड थर बांधतो, त्याला ‘टोपी’ म्हणतात. ही टोपी दिवसातून तीनदा खाली दाबायची, रात्रीही. धाकट्याची खाट त्या महिन्यात शेडमध्येच असते.

आजी ओट्यावर बसून हे सगळं लांबून बघत होत्या. गळ्यात तुळशीची माळ. घरात वाइन तयार होते आणि घरातलं सर्वांत मोठं माणूस माळकरी. मी विचारलं, तुम्हाला चालतं हे? म्हणाल्या, “आमी द्राक्षं पिकवितो. पुढचं पोरं जाणोत आन् पांडुरंग जाणो.”

न झोपणारा वेल

द्राक्षाचा वेल मुळात थंड मुलखातला. युरोपात तो हिवाळ्यात पानं टाकून झोपतो, वसंतात उठतो, शरदात फळ देतो. वर्षाला एक झोप, एक पीक. आपल्याकडे त्याला झोपावं असं थंडच पडत नाही. सोडून दिला तर तो वर्षभर वाढत राहतो आणि मनाला येईल तिथे चार घड धरतो. म्हणून इथल्या शेतकऱ्याने कात्रीने त्याचं कॅलेंडर बदललं.

एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. काड्या अगदी खोडापाशी खरडून काढायच्या. त्यानंतर फुटणाऱ्या नव्या काड्यांवर फळ घ्यायचं नसतं. उन्हाळ्यात, छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत, या काडीच्या डोळ्यांमध्ये पुढच्या घडाची बीजं ठरतात. पावसाळाभर काडी पिकत जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की दुसरी, गोडबहार छाटणी. ती झाली की घड बाहेर पडतात, थंडीत मणी फुगतात, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. युरोपात द्राक्षं शरदात तोडतात, आपण वसंताच्या तोंडाशी.

याचा अर्थ एवढाच की फळ लागून पिकण्याचा काळ कोरड्या, थंड महिन्यांत येतो. बुरशीला तेव्हा फार वाव नसतो. सेंद्रिय वाइन महाराष्ट्रात होऊ शकते ती या दोन छाटण्यांमुळे. आणि जिथे ती बुडते, ती जागाही याच कॅलेंडरमध्ये आहे : जून ते सप्टेंबर. तेव्हा वेलीवर एकही घड नसतो, म्हणून कुणी पर्यटक नसतो, फोटो नसतात. नुसती पानं असतात. ती टिकली तर काडीत अन्न साठतं. ऑगस्टमध्ये पानं गळून गेली तर ऑक्टोबरला छाटणी करूनही घड येतात ते पोचट, नाहीतर येतच नाहीत. म्हणजे फेब्रुवारीच्या बाटलीचा निकाल आदल्या ऑगस्टमध्ये, फळ नसलेल्या वेलीवर लागलेला असतो.

वेलीची आणखी एक गंमत. तिचे पाय परदेशातले आणि डोकंही परदेशातलं, पण वेगवेगळ्या परदेशांतलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किड्याने युरोपातल्या बागा मुळापासून खाल्ल्या. तेव्हा उपाय सापडला तो असा, की किड्याला दाद न देणाऱ्या अमेरिकन जंगली वेलीच्या मुळांवर युरोपीय द्राक्षाचं कलम करायचं. आपल्याकडे ही खुंटाची पद्धत आली ती मुख्यतः क्षार आणि पाण्याच्या टंचाईवर उतारा म्हणून. निफाड-दिंडोरीत ‘डॉगरीज’ हा शब्द शाळकरी पोरालाही माहीत असतो. तो खुंट टेक्सासकडच्या रानवेलीचा.

डब्यातलं द्राक्ष, बाटलीतलं द्राक्ष

मी थोरल्याला विचारलं, सेंद्रिय करायचं होतं तर खायची द्राक्षं का नाही केली? ती मुलांच्या डब्यात जातात. वाइन सेंद्रिय असून कुणाचं भलं?

तो हसला. म्हणाला, “काका, खायचं द्राक्ष सेंद्रिय करायला छाती लागते. वाइनचं करायला नुसता धीर पुरतो.”

त्याने सांगितलं ते मला माहीत नव्हतं, आणि हा लेख वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना माहीत नसावं. बाजारातलं लांब, टपोरं, एकसारखं द्राक्ष तसं आपोआप होत नाही. थॉमसन सीडलेस, किंवा सांगलीकडच्या शेतकऱ्याच्या नजरेने टिपलेली तास-ए-गणेश, सोलापूरच्या नान्नजची सोनाका, या सगळ्या बिनबियांच्या जाती. बी नसलेला मणी स्वतःच्या बळावर फार मोठा होत नाही. त्याला जिबरेलिक अ‍ॅसिड म्हणजे बागायतदारांच्या भाषेत ‘जीए’ द्यावं लागतं. कधी फवारून, तर कधी एकेक घड द्रावणात बुडवून. घड दाट झाला तर विरळणी. मण्यावर डाग नको, म्हणून फवारण्या. काडीची वाढ रोखायला पूर्वी सर्रास लिहोसीन मारत. 2010 साली त्यातल्या क्लोरमेक्वाटचे अंश युरोपला गेलेल्या मालात सापडले, कंटेनर अडकले आणि कितीतरी निर्यातदार बागायतदार एका हंगामात आडवे झाले. त्यानंतर ‘रेसिड्यू’ हा शब्द गावागावांत पोचला.

वाइनच्या द्राक्षाला यातलं बरंचसं लागतच नाही. मणी लहान हवा, कारण वास आणि रंग सालीत असतो, आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त. बी असलेलं चालतं. घड देखणा असण्याची गरज नाही, तो कुणी ताटात मांडणार नसतं. एकरी उतारा मुद्दाम कमी ठेवतात. खायच्या द्राक्षाच्या साधारण निम्मा. म्हणजे मद्यासाठी पिकवलेलं फळ लेकरांच्या डब्यातल्या फळापेक्षा मुळातच कमी औषधांवर वाढतं. दारूबंदीच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला हे पचायला जरा वेळ लागला.

एक अडचण मात्र दोघांना सारखी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळे एकदम फुटावेत म्हणून काडीला ‘पेस्ट’ लावतात. हायड्रोजन सायनामाइडचं हे द्रावण हातमोजे घालून, बोळ्याने किंवा ब्रशने डोळ्यांवर चोळतात. आपल्या उबदार हवेत डोळे एकसारखे फुटत नाहीत, त्यांना हे चिमटे लागतात. सेंद्रियमध्ये ते चालत नाही. मग हे लोक काडी पिळतात, लसणाचा अर्क लावतात, आणि डोळे मागेपुढे फुटले तर ते सोसतात. मागेपुढे फुटलं की मागेपुढे पिकतं, आणि तोडणीच्या टोळीला त्याच ओळीत दोनदा शिरावं लागतं. मजुरी दोनदा. याला थोरला धीर म्हणत होता.

आईचं नाव, भावांचं नाव

मराठी वाइनचा धंदा मोठा दिसतो, पण खोलात गेलं की जवळजवळ सगळीकडे एखादं कुटुंब निघतं. सुला हे नाव राजीव सामंतांनी आई सुलभा यांच्या नावावरून घेतलं. अमेरिकेतली नोकरी सोडून ते घरच्या, गंगापूर धरणाजवळच्या जमिनीवर आले. आधी आंबे वगैरे करून पाहिले आणि 1997 साली वाइनची द्राक्षं लावली. 2000 साली पहिल्या बाटल्या निघाल्या, 2022च्या डिसेंबरात कंपनीचे शेअर बाजारात आले. गंगावऱ्हेची यॉर्क गुरनानी कुटुंबाची. इंग्रजी नाव वाटतं, पण ती योगिता, रवी, कैलास या भावंडांची आद्याक्षरं. धाकटे कैलास वाइनचं शिक्षण घ्यायला ऑस्ट्रेलियात जाऊन आले. 2021मध्ये सुलानेच यॉर्क घेतली. आणि अकलूजच्या फ्रातेल्लीच्या नावाचा तर इटालियन अर्थच ‘भाऊ’ : मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतले सेक्की अशा भावांच्या तीन जोड्या. उसाच्या माळशिरस तालुक्यात त्यांनी वाइनच्या बागा उभ्या केल्या.

याआधीचीही एक गोष्ट आहे, ती नाशिकला हळू आवाजात सांगतात. 1980च्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावला इंडेज काढली. तिची फेसाळ वाइन ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात गेली. 2001मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क झाले, आणि ज्याला त्याला वाइनरी काढावीशी वाटू लागली. शेतकऱ्यांनी थॉमसन तोडून शिराझ लावली. मग 2008ची मंदी आली. मागणी पडली, इंडेज कर्जाखाली बसली आणि पुढे न्यायालयाच्या आदेशाने गुंडाळली गेली. वाइनच्या द्राक्षाचं दुःख असं की ते बाजार समितीत नेऊन विकता येत नाही. आंबट-गोड, बियांचं, जाड सालीचं फळ खाणार कोण? वाइनरीने घेतलं नाही तर ते वेलीवरच वाळतं. तेव्हा अनेकांनी शिराझ तोडून पुन्हा थॉमसन लावली. तात्यांनीही तोडली होती. पाच एकर.

“मग पुन्हा कशी लावली?”

“स्वतःचं द्राक्ष स्वतःच आंबवायचं ठरलं तेव्हा लावली,” तात्या म्हणाले. “दुसऱ्याच्या टाकीवर भरवसा ठेवून लावायची नाही, एवढं ठरलं.”

आमच्या वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा 1934पासून हाच हिशेब मांडत होते : माल जिथे पिकतो तिथेच त्याची पुढची वस्तू व्हावी, आणि ती करणारे हात पिकवणाऱ्याचे असावेत. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या. त्यांना ही शेड दाखवली असती तर त्यांनी रचनेला पूर्ण मार्क आणि वस्तूला शून्य दिलं असतं.

मोरचुदाचा कोटा

ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो तेव्हा तीन दिवस ऊन नव्हतं. वाइनरी बंद, टाक्या भरलेल्या, शेडमध्ये कुत्रा झोपलेला. सगळं घर बागेत. थोरल्याने एक पान उलटं करून दाखवलं. वरून तेलाचा डाग पडावा तसा पिवळा ठिपका, आणि खाली त्याच जागी पांढरी लव. “डावणी.”

डाउनी मिल्ड्यूचं नाशिकमध्ये डावणी झालं, आणि आता ते इतकं मराठी आहे की तिला ‘ती’ म्हणतात. ती रात्री येते, ती शेजारच्या प्लॉटमधून येते, ती दवावर येते. पान काही तास ओलं राहिलं की तिला पुरतं. भुरी या दुसऱ्या बुरशीला गंधक आहे. कोरड्या दिवसांत तो काम करतो आणि सेंद्रियमध्ये चालतो. डावणीला सेंद्रिय शेतकऱ्याकडे एकच जुनं हत्यार आहे, बोर्डो मिश्रण : मोरचूद आणि चुना.

याची कथा फ्रान्सची. बोर्दोजवळच्या मेदोकमध्ये रस्त्याकडेची द्राक्षं लोक तोडून नेत, म्हणून शेतकरी त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडत. फळ विषारी दिसावं म्हणून. 1880च्या दशकात डावणीने बागा उजाडल्या तेव्हा मिलार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या वेलींवर पानं शाबूत आहेत. 1885 साली त्यांनी हे मिश्रण जगासमोर ठेवलं. आज विदर्भातला संत्रा बागायतदार खोडाला जे निळं लावतो ते हेच.

पण तांबं हा जड धातू. पानावरून धुऊन मातीत उतरतं आणि तिथेच राहतं. गांडुळांना आणि सूक्ष्मजीवांना ते सोसत नाही. म्हणून युरोपच्या नियमांत त्याला मर्यादा आहे : सात वर्षांत हेक्टरी 28 किलो, म्हणजे वर्षाला सरासरी चार. थोरल्याची बायको फाइल उघडून माझ्यासमोर एकरी हिशेब करू लागली. हेक्टरी चार म्हणजे एकरी एक किलो सहाशे ग्रॅम तांबं. मोरचुदात तांबं चौथा हिस्सा. म्हणजे वर्षाला एकरी साडेसहा किलोच्या आत मोरचूद. एक टक्क्याचं मिश्रण एकरी तीनशे लिटर फवारलं तर एका फेरीत तीन किलो संपतं.

“म्हणजे दोनच फवारण्या?”

“दोन. अर्ध्या टक्क्याने मारलं तर चार. आणि पाऊस तीन महिने,” ती म्हणाली.

उरलेले दिवस काय करायचं, हीच सेंद्रिय द्राक्षशेती. कोवळे शेंडे मारायचे, बगलफुटी काढायच्या, दाट पानं विरळ करून ओळीत वारा खेळवायचा. ट्रायकोडर्मा बुरशीची आणि बॅसिलस जिवाणूंची द्रावणं, दशपर्णी अर्क, मुळाशी जीवामृत. पान सुकलं की नाही हे बघायला सकाळी आणि संध्याकाळी चकरा. रासायनिक शेतकऱ्याला आंतरप्रवाही औषध मिळतं, ते पानाच्या आत शिरून बसतं. त्याला पावसाच्या आदल्या रात्री झोप येते. सेंद्रियवाल्याचं सगळं काम पानाच्या वरच्या थरावर, आणि तो पावसाने धुऊन जातो. जीवामृताने डावणी जाते असं आमच्याकडच्या शिबिरांमध्ये छातीठोकपणे सांगणारे मी पाहिले आहेत. त्यांनी ऑगस्टमध्ये एक आठवडा इथे काढावा.

आणि शेजारी. बागेच्या पूर्वेला निर्यातीच्या द्राक्षांचा प्लॉट आहे. तिथला ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू झाला की औषधाचं धुकं कुंपण ओलांडतं. म्हणून त्या बाजूच्या चार ओळी हे कुटुंब सेंद्रियमध्ये धरतच नाही; त्यांची द्राक्षं वेगळी तोडतात, वेगळी विकतात. देशाचा सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2001 साली आला. त्याच्या नियमांत फळबागेला प्रमाणपत्रापूर्वी तीन वर्षांचा रूपांतर काळ लागतो : खर्च सेंद्रियचा, भाव साधा. शेजाऱ्याशी भांडण नाही. तो सकाळी फोन करून सांगतो, आज मारतोय, वारा तुमच्याकडे आहे. फाइलमध्ये न मावणारी ही नोंद मला प्रमाणपत्राइतकीच महत्त्वाची वाटली.

सुटका कदाचित जातींमधून होईल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एआरआय-516 ही संकरित जात काढली आहे. अमेरिकन कुळाच्या रक्तामुळे ती बुरशीला बरीच दाद देत नाही, आणि तिचा रस चांगला होतो. युरोपातही असे संकर लागवडीत येत आहेत. पण ग्राहकाला बाटलीवर शिराझ वाचायचं असतं. नावाची किंमत डावणी वसूल करते.

स्क्वॅशची पूड

बाग सेंद्रिय असली की वाइन सेंद्रिय झाली, असं मी समजत होतो. धाकट्याने एका बरणीतली पांढरी पूड हातावर घेऊन नाकापाशी धरली. वास ओळखीचा : जळक्या काडेपेटीचा. “तुमच्याकडे संत्र्याच्या स्क्वॅशमध्ये घालतात ना? तेच.”

केएमएस. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. आमच्या विदर्भात प्रत्येक महिला बचत गटाच्या प्रशिक्षणात याची चिमूट मोजायला शिकवतात. यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड रसाला काळवंडू देत नाही आणि नको त्या जिवाणूंना आवरतो. वाइनमध्ये तो थोडा आपोआपही तयार होतो, म्हणून ‘पूर्ण सल्फाइटमुक्त’ असं काही नसतं. भांडण आहे ते वरून घालण्यावर. अमेरिकेत बाटलीवर ‘सेंद्रिय वाइन’ लिहायचं तर वरून सल्फाइट अजिबात घालता येत नाही. घातलं तर ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली’ असं लिहावं लागतं. युरोपात 2012पर्यंत ‘सेंद्रिय वाइन’ हा शब्दच नियमात नव्हता, होती ती फक्त सेंद्रिय द्राक्षं. आता लाल कोरड्या वाइनला लिटरमागे शंभर मिलिग्रॅम आणि पांढरीला दीडशे अशी मर्यादा आहे, साध्या वाइनपेक्षा पन्नासने कमी.

धाकटा घालतो, पण कमी. का घालतोस, विचारलं तर म्हणाला, “बाटली इथून मुंबईला मे महिन्यात ट्रकने जाते. एसी नसतो. काही न घालता पाठवली तर पोचेल ती व्हिनेगर.” उत्तर प्रामाणिक होतं, म्हणून मला ते आवडलं. शुद्धतेच्या गप्पा थंड तळघरांच्या देशात शोभतात.

गेटवरचं दुकान

छोट्या वाइनरीचा माल दूर जात नाही. दर राज्याचं उत्पादन शुल्क खातं निराळं, आणि प्रत्येक लेबलची नोंदणी तिथे दरवर्षी फी भरून करावी लागते. काही हजार बाटल्यांच्या घराला हे परवडत नाही. महाराष्ट्रात वाइनवरच्या वीस टक्के व्हॅटपैकी सोळा टक्के उत्पादकाला परत देण्याची योजना आहे, पण आधी भरायचे आणि मग वाट बघायची. म्हणून खरी विक्री होते ती वाइनरीच्या दारात. सहा टेबलं, चव घेण्याची छोटी मापं, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या. सून तिथे उभी राहून गाडी चालवणाऱ्याला ग्लास भरून देत नाही. त्यावरून दर आठवड्याला एक तरी वाद होतो.

2022च्या जानेवारीत राज्य सरकारने हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं. शेतकऱ्याच्या भल्याचं म्हणून एक बाजू उठली, घराघरांत बाटली पोचेल म्हणून दुसरी. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, हरकती-सूचना मागवल्या गेल्या, आणि तो विषय तिथेच राहिला. दारूबंदीचे जिल्हे त्या निर्णयातूनही वगळलेलेच होते. मला विचाराल तर आमच्याकडची बंदी उठावी असं मी म्हणणार नाही. सडव्याने उजाडलेली घरं मी पिपरीतच पाहिली आहेत, आणि त्या घरांतल्या बायका बंदीच्या बाजूच्या आहेत. पण त्या ऑगस्टच्या पावसात पान उलटं करून बघणाऱ्या माणसाला आणि झुडपातल्या ड्रमवाल्याला मी एका शब्दात बसवणारही नाही.

निघताना तात्यांनी बाटली पुढे केली. मी म्हटलं, नेता येत नाही, गाडी वर्ध्याला उतरवते. ते विसरलेच होते. मग आजींनी घरच्या मांडवावरच्या बेदाण्याची पुडी दिली.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा दिंडोरीत गोडबहार छाटणी झालेली असेल आणि डोळे मागेपुढे फुटत असतील. द्राक्षं बघायला लोक जानेवारी-फेब्रुवारीत जातात. खोल्या महाग असतात आणि घड सगळीकडे सारखेच सुंदर दिसतात. बाटलीवर ‘सेंद्रिय’ लिहिलेलं खरं आहे का, हे बघायचं असेल तर ऑगस्टमध्ये जा. खोली निम्म्या दरात मिळते. छत्री घेऊन जा, पूर्वेकडच्या चार ओळी सोडून आत शिरा, आणि एखादं पान उलटं करून बघा.